खांद्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये नॉटलेस अँकर: माहिती हवी आहे

नेटजवळ

नमस्कार मंडळी. व्हॉलीबॉल खेळताना माझा उजवा खांदा पूर्वी निखळला होता, त्यानंतर तो पुन्हा पुन्हा निसटतोय. आता स्मॅश सोडाच, वरच्या फळीवरची पिशवी काढतानाही हात घाबरत घाबरत वर जातो. एमआरआयमध्ये ‘बँकार्ट लीजन’ आलं आहे. सर्जन म्हणाले की दुर्बिणीतून फाटलेली कड हाडाला परत बसवू, नॉटलेस अँकर वापरू.

घरी आल्यावर प्रश्न सुचायला लागले. शिवणार म्हणतात आणि गाठ मारणार नाही म्हणतात, मग दोरा धरून कोण ठेवणार? खेळताना ताण आल्यावर तो निसटणार नाही का? आत जे राहतं ते विरघळतं की कायमचं? आणि नवीन आहे म्हणून वापरतात की खरंच चांगलं आहे? कुणी जाणकार असतील तर सविस्तर लिहा, मला वाचायला वेळ आहे.

---

सांधेदुरुस्ती

मी खांद्याची आणि गुडघ्याची दुर्बिणीची ऑपरेशनं करतो. तुमचे रिपोर्ट पाहिलेले नाहीत, त्यामुळे तुमच्या खांद्याबद्दल सल्ला देत नाही, पण विषय समजावून सांगतो.

खांद्याच्या सांध्यात दंडाच्या हाडाचा गोल माथा, म्हणजे गोळा, एका वाटीत फिरतो. ही वाटी उथळ असते. तिच्या काठाभोवती लॅब्रम नावाची चिवट कड असते, तिच्यामुळे वाटीला खोली येते आणि पुढची लिगामेंट्सही, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारे पट्टे, तिथेच चिकटलेली असतात. खांदा पुढे निखळताना ही कड लिगामेंटसकट हाडावरून सोलून निघते. ब्लंडेल बँकार्ट या ब्रिटिश सर्जननी 1923 मध्ये याकडे लक्ष वेधलं, म्हणून त्यांचं नाव. सोललेली कड पुष्कळदा खाली घसरून चुकीच्या जागी चिकटते. ती सोडवून, हाडाचा काठ खरवडून ताजा करून, कड पुन्हा काठावर आणून घट्ट धरून ठेवायची, की शरीर ती तिथे जोडून घेतं. ऑपरेशन म्हणजे एवढंच.

‘घट्ट धरून ठेवायची’ यासाठी अँकर. हाडात एक बारीक भोक, त्यात रुतून बसणारा छोटा खुंटा, त्याला ओवलेला दोरा. जुन्या पद्धतीत दोऱ्याचं एक टोक कडेतून काढायचं, मग दोन्ही टोकं नळीतून बाहेर घेऊन सरकती गाठ मारायची आणि ती एका लांब दांडीनं ढकलत आत हाडापर्यंत न्यायची. त्यावर आणखी अर्ध्या गाठी, दर वेळी दोऱ्याची बाजू आणि दिशा बदलून. निदान तीन तरी.

ही गाठ दोन गोष्टींत फसू शकते. एक, गाठ स्वतःच सरकते. दुसरी जास्त फसवी आहे: गाठ पक्की असते, पण तिच्याखालचा फास सैल राहिलेला असतो. दुर्बिणीतून वरून गाठ छान दिसते आणि खाली कड हाडाला टेकलेलीच नसते. प्रयोगशाळेत फास 3 मिलिमीटर उघडला की दुरुस्ती फसली असं साधारण धरतात. 3 मिलिमीटर म्हणजे किती कमी, हे पट्टीवर बघा.

नॉटलेसमध्ये हा गाठीचा टप्पाच काढून टाकला आहे. रेमंड थाल या अमेरिकन सर्जननी 2001 मध्ये बँकार्ट दुरुस्तीसाठी असा अँकर मांडला, पुढे बरेच प्रकार आले. दोरा धरून कोण ठेवतं याचं उत्तर प्रकारानुसार बदलतं. आता ओपीडीला जायचंय, बाकी संध्याकाळी लिहितो.

---

ताण_आणि_पीळ

डॉक्टर येईपर्यंत मी थोडं लिहितो. मी यांत्रिकीतला आहे आणि इम्प्लांटच्या चाचण्यांवर काम करतो, म्हणजे रुग्ण नाही, फक्त मशिनवर ओढून तोडणारा माणूस.

दोरा अडकवायच्या तीन मुख्य तऱ्हा आहेत.

पहिलीत दोरा अँकर आणि हाड यांच्यामध्ये चिमटला जातो. दोऱ्याची टोकं आधी कडेतून काढून मग अँकरच्या टोकाच्या डोळ्यात ओवतात, तो डोळा भोकाच्या तळाशी टेकवतात, दोरा हवा तेवढा ओढतात आणि वरून अँकरचं अंग ठोकून किंवा पिळून आत बसवतात. दोरा भोकाच्या भिंतीवर दाबला जातो, आणि त्या घर्षणावर सगळं उभं असतं.

दुसरीत अँकरच्या पोटातच एक खिट्टी असते, ती खाली दाबली की दोरा आतल्या आत जखडतो. हाड इथे फक्त अँकरला धरतं, दोऱ्याला धरायचं काम अँकर स्वतः करतो.

तिसरी मला सगळ्यात देखणी वाटते. दोरा पोकळ विणीचा असतो. त्याचंच एक टोक त्याच्याच पोटातून नेफ्यातून नाडी ओवावी तसं ओवून घेतात. ताण आला की बाहेरची वीण लांब होते, म्हणजे अरुंद होते, आणि आतल्या टोकाला आवळते. जितकं फास उघडायला बघाल तितकी पकड वाढते. इथे एक मोठी सोय आहे: सगळे अँकर बसल्यावरसुद्धा परत येऊन एखादा फास आणखी थोडा आवळता येतो. पहिल्या तऱ्हेत ही मुभा नाही, अँकर ठोकला त्या क्षणी जो ताण होता तोच कायम.

तेव्हा नेटजवळ, ‘गाठ नाही’ म्हणजे भार नाहीसा झाला असं नाही, त्याची जागा बदलली. गाठीत दोरा दोऱ्यावर घासून थांबतो. चिमटणाऱ्या अँकरमध्ये दोरा हाडावर घासून थांबतो. म्हणून तिथे हाडाची प्रत फार महत्त्वाची. ठिसूळ, जाळीदार हाडात अँकर जागेवर दिसतो आणि दोरा हळूहळू सरकतो.

आणखी एक, हे फारसं कुणी सांगत नाही. हल्लीचे दोरे अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनचे असतात. जुन्या पॉलिएस्टरच्या दोऱ्यापेक्षा कितीतरी मजबूत, पण गुळगुळीत. म्हणजे दोरा तुटायचा प्रश्न मिटला आणि गाठ सरकायचा वाढला. नॉटलेसकडे लोक वळण्यामागे हेही एक कारण आहे.

---

हिरवा_गाऊन

मी ओटी सिस्टर आहे, टेबलाच्या या बाजूनं काय दिसतं ते सांगते.

गाठीच्या केसमध्ये नळीतून चार-सहा टोकं बाहेर लोंबत असतात, सगळी ओली, कधी एकाच रंगाची. कुठलं टोक कुठल्या अँकरचं हे सांभाळणं हेच मोठं काम. दोन दोऱ्यांमध्ये मांसाचा पूल अडकला की गाठ खालीच जात नाही, मग सगळं सोडवत बसायचं. सर्जनचं बोट दोऱ्यानं कापलं जातं म्हणून आम्ही हातमोजे दर थोड्या वेळानं तपासतो. हा दोरा साध्या कात्रीनं नीट कापतही नाही, फिस्कारतो, त्याला वेगळं कटर लागतं.

नॉटलेसमध्ये ही गर्दी कमी होते. पण ते सोपं असतं असं मात्र नाही. ठोकायच्या अँकरमध्ये ड्रिलची दिशा आणि अँकरची दिशा एकच हवी. ड्रिल काढल्यावर गाइड, म्हणजे ड्रिलला दिशा देणारी नळी, हलला, तर भोक सापडतच नाही. हाडाच्या काठावर रक्त, वर पाणी, आणि सगळे पडद्याकडे बघतायत अशी मिनिटं मी अनुभवली आहेत. भोक पुरेसं खोल नसेल तर अँकर वर डोकं काढून राहतो, आणि सांध्याच्या आत वर आलेला अँकर म्हणजे समोरच्या कार्टिलेजला, हाडावरच्या गुळगुळीत कूर्चेला, घास. चांगले सर्जन बसवल्यावर प्रोबनं डोकं चाचपून बघतात, मगच दोरा कापायला सांगतात.

मला आवडलेली एक सवय सांगते. एक सर्जन दोरा ओढून अँकर बसवायच्या आधी थांबतात, हात थोडा फिरवून घेतात, कड वाटीवर कशी बसते ते बघतात आणि मग म्हणतात, “आता.” घाई अजिबात नाही.

---

सांधेदुरुस्ती

ताण_आणि_पीळ आणि सिस्टर, दोघांनी माझं अर्धं काम केलंत. राहिलेलं लिहितो.

नॉटलेसचे खांद्यातले फायदे माझ्या मते दोन. पहिला, फासाचा ताण प्रत्येक अँकरला साधारण सारखा येतो आणि गाठ मारण्याच्या हातोटीवर कमी अवलंबून राहतो. दुसरा, सांध्यात गाठींचा ढीग राहत नाही. बँकार्टमध्ये गाठ कार्टिलेजच्या बाजूला आली तर दर हालचालीला ती गोळ्यावर घासते. दोरा टणक असल्यानं हा घास किरकोळ नसतो, अशी उदाहरणं नोंदली गेली आहेत. गाठ मारणाऱ्यानं ती कडेच्या मागे, सांध्यापासून लांब ठेवायचा प्रयत्न करायचा असतो, पण ती दर वेळी तिथे राहतेच असं नाही.

वेळही वाचतो. मात्र तो फायदा मी रुग्णाला सांगत बसत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, चांगलं की नुसतं नवीन. गाठीचे आणि बिनगाठीचे अँकर यांची तुलना करणारे बरेच अभ्यास झाले आहेत. खांदा पुन्हा निखळणं, हालचाल, रुग्णाचं समाधान यांत दोन्हींमध्ये मोठा आणि सातत्याचा फरक दिसलेला नाही. म्हणजे नॉटलेस ही चांगली, विश्वासू पद्धत आहे. तिच्यामुळे तुमचा खांदा जास्त पक्का होईल असं कुणी म्हणत असेल तर मला ते पटणार नाही.

खांदा पुन्हा निखळेल का हे दुसऱ्याच गोष्टींवर ठरतं. तुमचं वय, तुमचा खेळ, सांधे मुळात सैल आहेत का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, हाड किती झिजलंय. बालग आणि ब्वालो या सर्जननी 2007 मध्ये यासाठी 10 गुणांची एक साधी मोजणी मांडली. वय 20 किंवा कमी असेल तर 2, स्पर्धात्मक खेळ असेल तर 2, धडकेचा किंवा हात डोक्यावर नेण्याचा खेळ असेल तर 1, सांधे सैल असतील तर 1, एक्स-रेत गोळ्याला खोक दिसली तर 2, वाटीचा काठ झिजलेला असेल तर 2. त्यांच्या रुग्णांत 6 च्या वर गुण असणाऱ्यांमध्ये दुर्बिणीच्या दुरुस्तीनंतर खांदा पुन्हा निसटण्याचं प्रमाण 70 टक्क्यांच्या घरात होतं. अशांना नुसती कड शिवण्यापेक्षा हाडाचा तुकडा आणून बसवण्याचं लाटार्जे ऑपरेशन त्यांनी सुचवलं.

नेटजवळ, तुम्ही व्हॉलीबॉल खेळता, म्हणजे हात डोक्यावर. तुमच्या सर्जनना अँकरच्या प्रकाराआधी हे विचारा: “माझ्या वाटीचं हाड किती गेलंय, आणि ते कशावर मोजलंय?” एमआरआयवर अंदाज येतो, सीटीवर जास्त नीट कळतं.

अँकरची संख्याही विचारा. ब्वालोंच्याच 2006 च्या अभ्यासात तीन किंवा कमी अँकर वापरलेल्यांमध्ये खांदा पुन्हा निखळण्याचा धोका जास्त दिसला होता. अर्थात काठावर भोकांची रांग फार जवळ जवळ पाडली तर पुढे त्याच रेषेत काठ तुटू शकतो. टपाल तिकिटं फाडतात त्या टोचांच्या रेघेवरूनच या फ्रॅक्चरला नाव पडलंय. म्हणून संख्या, अंतर आणि भोकाचा व्यास, तिन्हींचा मेळ बसवावा लागतो.

---

चांदणवेल

धाग्यात घुसते, माफ करा. आईचं रोटेटर कफचं टेंडन फाटलंय, वय 68. तिलाही नॉटलेसच सांगितलंय, ‘डबल रो’ असं काहीतरी. वर हाडाच्या प्रतीबद्दल वाचून धास्ती वाटली. तिचं हाड नक्कीच ठिसूळ असणार. तिला गाठवालं सांगावं का?

---

सांधेदुरुस्ती

चांदणवेल, धास्ती घेऊ नका, पण प्रश्न योग्य आहे.

रोटेटर कफ म्हणजे हात उचलणारे आणि फिरवणारे खांद्याभोवतीचे स्नायू, आणि टेंडन म्हणजे त्यांना हाडाशी जोडणारा चिवट पट्टा. कफचं टेंडन गोळ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर रुंद पट्ट्यात चिकटलेलं असतं. डबल रोमध्ये आतल्या रांगेतल्या अँकरचे दोरे टेंडनमधून वर काढतात, आडवे-तिरपे टेंडनवर पसरवतात आणि बाहेरच्या रांगेत नॉटलेस अँकरनी दाबून बसवतात. दोऱ्यांच्या जाळ्याखाली टेंडन हाडावर चपटं दाबलं जातं. ही बाहेरची रांग बहुतेक ठिकाणी नॉटलेसच असते, तिथे गाठीचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

वाद आहे तो आतल्या रांगेत गाठ मारावी की नाही यावर. गाठ मारली तर पकड सुरुवातीला जास्त कडक होते. पण काही रुग्णांमध्ये नंतर एक वेगळंच चित्र दिसतं: हाडावर टेंडनचा तुकडा नीट चिकटलेला, आणि त्याच्या आत, गाठींच्या रेषेत, टेंडन पुन्हा फाटलेलं. गाठीखाली टेंडन आवळलं जाऊन त्याचा रक्तपुरवठा कमी होतो अशी शंका आहे. असं फाटलं तर पुन्हा शिवायला टेंडन फार उरत नाही. म्हणून पातळ, जुनाट टेंडनमध्ये मी आतली रांगही बिनगाठीची करतो आणि दोऱ्याऐवजी चपटी टेप वापरतो. माझ्यासारखे अनुभवी सहकारी याच्या उलटही करतात आणि त्यांचे रुग्ण बरे होतात.

ठिसूळ हाडासाठी सर्जनच्या हातात उपाय असतात. भोक थोडं लहान पाडणं, मोठ्या व्यासाचा पिळाचा अँकर घेणं, बाहेरची रांग उंचवट्याच्या टोकापासून खाली कडक हाडात नेणं, किंवा आतल्या आत जखडणारा प्रकार निवडणं. ऑपरेशनच्या आधी विचारा: “हाड मऊ लागलं तर तुमचा पर्याय काय?” उत्तर पटकन आलं पाहिजे.

---

मोजूनमापून

धातू किंवा प्लास्टिक नसलेला, नुसता दोऱ्याचाच बनलेला अँकर मिळतो असं ऐकलं. तो काय प्रकार? आणि धातूचे जाऊन प्लास्टिकचे का आले?

---

ताण_आणि_पीळ

सुरुवातीचे अँकर धातूचे. पकड उत्तम, एक्स-रेत दिसतात, पण एमआरआयमध्ये आजूबाजूचं चित्र बिघडवतात आणि सांध्यात सुटले तर कार्टिलेज खरवडतात. मग विरघळणारे आले. पीएलएलए हा पॉलिमर विरघळायला वर्षानुवर्षं घेतो, आणि काहींमध्ये अँकरभोवती हाडात पोकळी किंवा पाण्याची गाठ दिसली. त्यात कॅल्शियमचं क्षारमिश्रण घालून जे आले ते जैवसंमिश्र, उद्देश हा की अँकर जाईल तिथे हाड भरावं. ते दर वेळी पूर्ण भरतंच असं नाही. पीईईके हे टणक प्लास्टिक विरघळत नाही, एमआरआयमध्ये चित्र बिघडवत नाही, आणि पुन्हा ऑपरेशन करायची वेळ आली तर ड्रिलनं भेदता येतं.

दोऱ्याचाच अँकर म्हणजे विणलेल्या मऊ बाहीतून गेलेला दोरा. भोक दीड मिलिमीटरच्या आसपास, धातूच्या किंवा प्लास्टिकच्या अँकरना लागतं त्याच्या निम्मं वगैरे. बाही आत सरकवायची आणि दोरा ओढायचा, की ती गोळा होऊन हाडाच्या कडक सालीच्या खालच्या बाजूला अडकते. वाटीच्या अरुंद काठावर हे सोयीचं. पण ओढून नीट बसवला नाही, तर तो पुढे ताण आल्यावर स्वतःच बसायला लागतो आणि तेवढा फास सैल पडतो. चाचणीत हे स्पष्ट दिसतं: ओढ-सोडीच्या पहिल्या काही फेऱ्यांतच आलेख उडी मारतो आणि मग स्थिरावतो.

आणि एक गोष्ट नेटजवळ आणि चांदणवेल, दोघांनाही. आजचा अँकर चांगल्या हाडात नीट बसला असेल तर तोडायच्या चाचणीत बहुतेकदा आधी हरतो तो ऊतकच, दोरा टेंडनमधून चिरत बाहेर येतो.

---

हळूहळू

फिजिओथेरपिस्ट आहे. ताण_आणि_पीळ यांच्या शेवटच्या ओळीवरूनच माझं म्हणणं सुरू होतं.

“माझ्यात नॉटलेस घातलंय, म्हणजे हात लवकर चालवता येईल ना?” हा प्रश्न मला नेहमी येतो. नाही. अँकर कुठलाही असो, कड किंवा टेंडन हाडाला चिकटायला लागणारा वेळ शरीर ठरवतं. साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत, त्या काळात फक्त सांगितलेल्याच हालचाली. टेंडन हाडात बऱ्यापैकी रुजायला तीन महिने तरी धरा. त्याआधी वजन उचलणं म्हणजे सगळा भार दोऱ्यावर टाकणं. धडकेच्या किंवा फेकीच्या खेळात परतायला सहा महिने किंवा त्याहून जास्त.

सगळ्यात धोक्याचा काळ मला दुसरा महिना वाटतो. दुखणं कमी झालेलं असतं, झोळी निघालेली असते, आणि माणसाला वाटतं की खांदा बरा झाला. पडताना भिंतीला हात टेकवणं, कुत्र्याची साखळी धरणं, मागच्या सीटवरून पिशवी ओढणं, यात घात होतो. बँकार्टवाल्यांनी हात बाजूला नेऊन बाहेर फिरवणं विशेष सांभाळायचं, तीच स्थिती कडेला सोलते.

कफवाल्यांनी, चांदणवेल तुमच्या आईंनी, स्वतःच्या बळावर हात वर उचलायची घाई करायची नाही. दुसऱ्या हातानं किंवा काठीनं उचलून नेणं आणि स्वतः उचलणं यात टेंडनच्या दृष्टीनं खूप फरक आहे. हे घरच्यांना समजावून सांगा, कारण मदत न घेण्याची सवय याच वयात जास्त असते.

---

चांदणवेल

हे आईला वाचून दाखवलं. काठीचा मुद्दा तिला लगेच कळला. आमच्या सर्जनना ‘हाड मऊ लागलं तर?’ विचारलं, ते म्हणाले मोठ्या व्यासाचे अँकर टेबलावर तयार ठेवलेले असतात आणि बाहेरची रांग खाली घेतील. आतल्या रांगेत गाठ नाही, टेप. मनावरचं ओझं बरंच उतरलं.

---

नेटजवळ

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

मी सर्जनना वाटीच्या हाडाचं विचारलं. त्यांनी सीटी करून घेतला आणि पडद्यावर वाटीच्या खालच्या भागावर गोल काढून दाखवला. पुढून किती भाग गेलाय ते त्या गोलाच्या आत रिकाम्या राहिलेल्या फटीवरून लगेच दिसतं. झीज कमी आहे म्हणाले, गोळ्यावरची खोकही उथळ आहे, त्यामुळे कड शिवणं पुरेसं ठरावं. चार अँकर, परत आवळता येणारे, दोऱ्याचेच. स्वतःहून म्हणाले की व्हॉलीबॉलसाठी धोका शून्य होत नाही, आणि सहा महिन्यांच्या आत कोर्टवर दिसलास तर माझ्याकडे येऊ नकोस.

एकच शंका उरली. आत काय घातलं याची नोंद माझ्याकडे असायला हवी का? डिस्चार्जच्या कागदावर नुसतं ‘अँकर’ लिहितात असं ऐकलं.

---

हिरवा_गाऊन

असायलाच हवी. प्रत्येक अँकरच्या पाकिटात स्टिकर येतात, त्यावर नाव, आकार, लॉट नंबर असतो. आम्ही ते केसपेपरवर लावतो. डिस्चार्जच्या आधी सिस्टरना सांगा, एक संच तुमच्या कागदांवरही लावून द्या, नाहीतर त्या पानाचा फोटो काढून घ्या. पुढे एमआरआय करायची वेळ आली की टेक्निशियन पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि कधी पुन्हा ऑपरेशन करावं लागलं तर नव्या सर्जनला आत काय आहे आणि त्यातून ड्रिल जाईल का हे त्या स्टिकरवरूनच कळतं.